दोन बाटल्यांची वाटणी

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

माझ्या खारुताईला,

काल सगळ्यात आधी वर आला तो शिंपी, आणि तोही एकाच पायात मोजा घालून. म्हटलं, "अहो भाऊ, पाहुणे दहाला येणार, आत्ता कुठे साडेआठ वाजताहेत." तर म्हणतो, "ताई, खाली एकट्यानं बसलो की धीर सुटतो. इथे बसतो." बसला. दोन कप चहा घेतला, म्हणजे एक प्याला आणि एक माझ्या टेबलाला पाजला. साडेनवाला त्याची बायको दुसरा मोजा घेऊन आली. दहाला पाच कमी असताना वहीवाली आली, आणि तिच्यामागून धापा टाकत तो लांबट डॉक्टर. तीन जिने चढून आला की त्याला दोन मिनिटं बोलताच येत नाही. मी त्याला म्हटलं, "बाळा, आधी स्वतःसाठी काहीतरी औषध शोध रे."

आता तू विचारशील, आजी, हे कोण सगळे? विचारणार कुठून म्हणा, तीन वर्षांत तुझी एक ओळ नाही. पण मी आपलं धरून चालते की तू विचारतेस. मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते पोचलं का नाही देव जाणे, म्हणून परत सांगते.

माझे हात थरथरतात हे तू इथे होतीस तेव्हापासूनचं. दुखत नाही, खुपत नाही, नुसता चमचा तोंडाशी येईस्तोवर रिकामा होतो. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचंही तेच. तर मोठ्या दवाखान्यात ह्याच दुखण्यावरचं एक नवं औषध तपासताहेत. त्याला माणसं हवी होती. आम्ही दोघांनी नावं दिली. वहीवालीनं सोळा पानी कागद वाचून दाखवला. ती त्या दवाखान्यातली नर्स, पण सारखी वहीत काहीतरी लिहीत असते म्हणून मी तिला वहीवाली म्हणते, तिला चालतं. मग म्हणाली, करा सही. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यात हात असा. सही होईस्तोवर ती बिचारी पेनाचं टोपण धरून बसून राहिली.

ह्यात गंमत काय आहे सांगू? गोळ्या दोन तऱ्हेच्या आहेत. एकीत औषध, दुसरीत काहीच नाही. दिसायला अगदी जुळ्या बहिणी. कोणाला कुठली मिळाली ते आपल्याला सांगत नाहीत. मी म्हटलं, राहू दे, डॉक्टरला हळूच विचारीन. तर डॉक्टरलाही माहीत नाही! मी म्हटलं, "अरे, मग इतकी वर्षं शिकलास काय?" तो हसला. म्हणाला, "आजी, खरी गोळी कोणाला दिली हे मला कळलं, तर त्याचा हात मला बराच दिसायला लागेल. माझेच डोळे मला फसवतील. म्हणून मला आंधळं ठेवलंय." तूही असंच काहीतरी सांगायचीस, मला तेव्हा कळायचं नाही.

दर चार आठवड्यांनी गुरुवारी ते येतात. गोळ्या सुरू झाल्यापासून काल पहिल्यांदा मोजणी झाली. आधी एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं. मग एक वाक्य लिहायचं. आणि मग गोगलगाय काढायची, म्हणजे मधल्या ठिपक्यापासून गोल गोल रेघ बाहेर आणायची. अगं, माझी गोगलगाय अशी आली की शंखातून चालू पडेल! शिंप्याची कोणीतरी पायाखाली घेतल्यासारखी. वहीवालीला काही बोलायची परवानगी नाही, पण तिच्या भुवया वर गेल्या त्या मी पाहिल्या. म्हणजे खरी गोळी मलाच मिळाली. मला तर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

तुझा बाप दारात उभा राहून सगळं बघत होता, कप दोन्ही हातांनी धरून. हल्ली तो कप अर्धाच भरून घेतो. दुकानही चारलाच बंद करतो, म्हणतो डोळे दुखतात. घड्याळं दुरुस्त करायची म्हणजे डोळे दुखायचेच. मी पत्र लिहायला बसले की काही विचारत नाही. पण उठून बघावं तर टेबलावर तिकीट ठेवलेलं असतं.

पाकिटावरचा पत्ता मीच लिहिलाय. बघ ओळ कशी आहे.

तुझी आजी


शनिवार, १४ फेब्रुवारी

खारुताई,

मी एक काम केलंय आणि मला ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुझ्या बापाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावेल. तू लांब आहेस, तू लाव तुझ्या कपाळाला, मला दिसणार नाही.

झालं असं. मंगळवारी शिंपी वर आला आणि खुर्चीत बसून राहिला. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाला, "ताई, आज बायकोनं वीस सुया ओवून ठेवल्या." रोज सकाळी ती त्याच्यासाठी दोरे ओवून सुया उशीला टोचून ठेवते, मग स्वतःच्या कामाला जाते. अकरा वाजता विसावी सुई संपली. एकविसावी ओवायला त्यानं पाऊण तास घेतला आणि नाही ओवली गेली. "चाळीस वर्षांत मी बायकोला बटण लावू दिलं नव्हतं," म्हणाला, "आणि आता ती मला सुया ओवून देते. तुमचं बरं आहे, ताई. तुम्हाला खरी मिळाली."

मला फार लागलं गं ते. माझ्यात असं काय सोनं लागलंय? आणि ह्या घरात मी आजवर कधी कोणाला कमीजास्त वाढलंय का? दोन बिस्किटं तीन माणसांत वाटायची मला येतात. तुझ्या बापाला विचार, नको, विचारू नको, पण तुला आठवत असेल. मी म्हटलं, "भाऊ, खाली जा आणि तुमची बाटली घेऊन या."

दोन्ही बाटल्या ताटलीत ओतल्या. सेहेचाळीस गोळ्या निघाल्या. चांगल्या कालवल्या. मग एक तुमची, एक माझी, एक तुमची, एक माझी. तेवीस तेवीस. आता दोघांनाही निम्मं औषध आणि निम्मं काहीच नाही. कोणी रुसायला नको.

शिंपी जाताना जिन्यावरून परत आला आणि माझ्या पाया पडायला लागला. मी म्हटलं, "सरळ उभे राहा, पडाल."

गोळ्या कालवताना मला तुझा बटणांचा डबा आठवला. तू नोकरीला लागलीस त्या वर्षी सुट्टीला आली होतीस. आम्ही विचारलं, नवं औषध शोधतात म्हणजे काय करतात गं? तर तू तो डबा उचललास आणि सगळी बटणं ह्याच टेबलावर ओतलीस. म्हणालीस, "आजी, शरीरात एक बिघडलेलं काज असतं. त्याला बसणारं बटण आम्ही शोधतो. डब्यात दहा हजार बटणं. एकेक लावून बघायचं." ह्यांनी, तुझ्या आजोबांनी विचारलं, "आणि सापडलं की झालं?" तू म्हणालीस, "छे, आजोबा, तिथे तर सुरुवात. मग काचेच्या बशीत बघायचं, मग उंदरांवर, मग धडधाकट माणसांना चिमूटभर देऊन बघायचं, मग थोड्या आजाऱ्यांना, मग खूप आजाऱ्यांना. बहुतेक बटणं मध्येच कुठेतरी तुटतात." हे म्हणाले, "एवढ्यात तर माणूस म्हातारा होईल." तू म्हणालीस, "होतोच." आणि सगळे हसलो. ह्यांना तेव्हा बरं होतं.

पुढचं मी लिहीत नाही. लिहीत नाही म्हणजे काय, तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. ह्यांची फुप्फुसं गेली. तुमच्याकडे नेमक्या त्याच दुखण्यावरचं औषध उंदरांना देत होते आणि उंदीर बरे होत होते. तुझा बाप म्हणाला, आण एक बाटली. तू म्हणालीस, माणसाला किती द्यायचं हे अजून कोणालाच माहीत नाही, मी नाही आणणार. हे गेले. आणि तेराव्या दिवशी ह्याच स्वयंपाकघरात तुझा बाप तुला म्हणाला, "तुझ्या उंदरांना औषध मिळतं, माझ्या बापाला मिळत नाही." तू पिशवी उचललीस. मी भांडी घासत होते. घासतच राहिले. घासलेली परत घासली.

जाऊ दे. आज मी आनंदात आहे. शिंपी जिन्यात गुणगुणत होता.

तुझी आजी


सोमवार, २३ फेब्रुवारी

खारुताई,

ओळी खाली उतरताहेत, त्याच्याकडे लक्ष देऊ नको. टेबल कलतंय बहुतेक. तुझ्या बापाला सांगून पायाखाली पुठ्ठा लावून घेते.

इथे सगळं ठीक. मला जरा झोप जास्त येते. परवा नळ चालू ठेवून पेंगले, खालून शिंपीण ओरडत आली की तुमचं पाणी आमच्या छतातून येतंय. काल उठले तर भिंत थोडी पुढे आल्यासारखी वाटली आणि कोपराला लागलं. निळं झालंय, छान दिसतं. घरात सांगितलं नाही, लांब बाह्यांचं घालते. रक्तदाबाची गोळी आहेच माझी रोजची, ह्या वयात डोकं गरगरायचंच.

तू लहान असताना खिशात काय काय कोंबायचीस गं, शेंगा, खडे, तुटकी बटणं, एकदा तर जिवंत भुंगा. कपडे धुवायच्या आधी मी तुझे खिसे उलटे करायची आणि टेबलावर बाजार मांडायची. तुझी आई गेल्यावर तुझे खिसे जास्तच भरायला लागले. मी काही टाकायची नाही. वाटायचं, हिला लागत असेल.

हां, शिंपी. त्याचं काही धड चाललेलं नाही. मधे चार दिवस त्याला वाटलं होतं की हात जरा ऐकतोय. पण आता आधीपेक्षाही वाईट. शुक्रवारी एका गिऱ्हाइकाचा सदरा शिवताना त्यानं बाही शिवून बंदच करून टाकली. गिऱ्हाईक हात घालतंय, घालतंय, हात बाहेर येईना. शिंप्याची बायको हसून हसून खाली बसली आणि मग तिथेच रडायला लागली.

मी त्याला म्हटलं, औषध आता कुठे दोघांत वाटलं जातंय, वेळ लागेल. पण मला नीट कळत नाही. ज्याला काही मिळत नव्हतं त्याला निम्मं मिळायला लागलं, तर तो बिघडेल कसा? तुला विचारावंसं वाटतं.

हे पत्र तीन बैठकांत लिहिलं. झोपते जरा.

आजी


शनिवार, २८ फेब्रुवारी

माझ्या सोन्या,

तुला सगळं माहीत आहे, तरी मी माझ्या बाजूनं लिहिणार. फोनवर तू फक्त बोललीस. मी इथे बघत होते.

गुरुवारी सव्वाचारला फोन वाजला. तुझा बाप नुकताच दुकानातून आला होता, त्यानं घेतला. हॅलो म्हणाला, आणि उभा होता तो मटकन खुर्चीत बसला. मला वाटलं कोणीतरी गेलं. मग तो काय काय बोलला ते मी शब्दन् शब्द सांगू शकते, कारण शब्द फारसे नव्हतेच. "हो. … नाही. … कुठली ताटली? … मला नाही सांगितलं. … थांब." मग माझ्याकडे वळून, "आई, बाही वर कर." मी केली. "हो, कोपर. निळं आहे. … हो, रक्तदाबाचीही घेते. … सकाळी आठला. … हो. उद्याची देत नाही. … हो, दवाखान्याचं कार्ड इथेच लावलंय, आत्ता करतो त्यांना फोन." आणि मग त्यानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला. मला वाटलं लाइन गेली. मग तो म्हणाला, "जेवलीस का?"

तू काय सांगितलंस मला ऐकू आलं नाही. पण तो म्हणाला, "चार वाजून गेले. मग आता जेव."

मग फोन माझ्याकडे दिला. तीन वर्षांनी तुझ्या तोंडचं पहिलं वाक्य, "आजी, तू काय करून ठेवलंस हे!" परत एकदा ओरड म्हणावंसं वाटलं मला.

तू सांगितलंस की माझी पत्रं तू उघडतच नव्हतीस. खणात ठेवत होतीस, तारखांप्रमाणे लावून. उघडवत नव्हती म्हणालीस. मला राग नाही गं आला. टाकली नाहीस ना? आणि सोमवारचं पाकीट आलं तेव्हा त्यावरचा पत्ता उतारावरून घसरल्यासारखा दिसला, म्हणून तू सगळी पाकिटं काढून टेबलावर ओळीनं मांडलीस. तीन वर्षं थरथर, मग जानेवारीपासून सरळ, मग एकदम दारू प्यायल्यासारखं. आणि मग तू बसून अठरा पत्रं एका दमात वाचलीस. मला हे ऐकून कोण अभिमान वाटला! एवढी शिकलेली माझी पोर, आणि कळलं कशावरून, तर माझ्या अक्षरावरून.

काल सकाळी वहीवाली आणि लांबट डॉक्टर आले. ह्या वेळी तो धापा टाकत नव्हता, किंवा टाकत असेल तर दाखवत नव्हता. शिंपी आणि मी भिंतीशी खुर्च्या लावून बसलो, शाळेत बाकावर उभं करतात तसे. मी सगळं सांगितलं. ताटली दाखवली. शिंपी मध्येच म्हणाला, "ताईंचा दोष नाही, मी रडलो होतो." वहीवाली लिहीत होती ती थांबली.

डॉक्टर ओरडला नाही. त्यानं माझा रक्तदाब पाहिला, मला उभं केलं, बसवलं, परत उभं केलं. मग बाहेर जाऊन कोणाला तरी फोन केला. कुठली बाटली कोणाची ही यादी म्हणे त्यांच्या ऑफिसात तिसऱ्याच माणसाकडे कुलपात असते. एरवी शेवटपर्यंत उघडत नाहीत. कोणाच्या जिवाला धोका असला तरच. मी पडले म्हणून उघडली.

तो परत आला आणि माझ्यासमोर खाली बसला. म्हणाला, "आजी, तुमची गोळी साधी होती. पहिल्या दिवसापासून."

मी म्हटलं, "आणि ह्यांची?"

"खरी."

अगं, शिंपी माझ्याकडे बघतोय, मी शिंप्याकडे. मग तो हळूच म्हणाला, "म्हणजे ताई, तुम्ही माझंच औषध मला वाटून दिलंत?" आणि दारातून त्याची बायको म्हणाली, "ह्यांना जन्मात एकदा खरी वस्तू मिळाली, तीही नेऊन वर वाटून आले!" मग मात्र सगळे हसलो, वहीवालीसुद्धा, आणि हसता हसता मला रडू आलं. मी त्याला भुसा दिला आणि त्याचं धान्य खाल्लं. आणि वर त्याला पाया पडू दिलं.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. हे औषध जिना चढल्यासारखं थोडं थोडं वाढवत न्यायचं असतं, तेव्हा अंगाला सोसतं. शिंपी तिसऱ्या पायरीवर होता, आता गुण यायलाच लागला असता. मी जमिनीवरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारली, तीही एक दिवस आड, त्यात रक्तदाबाची गोळी. "थोडक्यात निभावलं," म्हणाला.

मी म्हटलं, "मग माझा हात कशानं बरा झाला? गोगलगाय तू स्वतः पाहिलीस!"

तो म्हणाला, "होतो, आजी. खरंच होतो. औषध मिळतंय असं मनानं घेतलं, कोणीतरी नेमानं येऊन विचारपूस करायला लागलं, की हात काही दिवस ऐकतो. म्हणून तर साध्या गोळीची माणसं लागतात. तुम्ही नसता तर आम्ही फसलो असतो. औषधाचं श्रेय किती आणि मनाचं किती, हे मग कळलंच नसतं." वहीवाली म्हणाली, "एकशेवीस माणसं आहेत ह्या चाचणीत. इथवर यायला अकरा वर्षं लागलीत. हे तुमच्या दोघांच्याच हातांसाठी नाही, आजी. पुढे ज्यांचे हात कापतील त्यांच्यासाठी आहे."

तुझा बाप तेव्हा खिडकीशी उभा होता. हात खिशात होते. तो घरात कधी खिशात हात घालून उभा राहतो का? मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं बाहेर पाहिलं.

संध्याकाळी तो एक घड्याळ उघडून बसला, पण काम करत नव्हता. म्हणाला, "काल रात्री मी तिला परत फोन केला, तेव्हा विचारलं. बाबांच्या त्या औषधाचं काय झालं म्हणून." मी म्हटलं, मग? "माणसांना लागूच पडलं नाही म्हणाली. उंदरांना पडलं, माणसांना नाही. दीड वर्षापूर्वी बंद केलं." घड्याळ मिटून म्हणाला, "सहा वर्षं दिली होती तिनं त्याला. कोणी विचारलंसुद्धा नाही."

आता माझं ऐक. मी भांडी घासत होते म्हणून मागे लिहिलं, ते अर्धंच लिहिलं. मलाही त्या दिवशी तसंच वाटत होतं. तू एक बाटली आणायला हवी होतीस असंच वाटत होतं. म्हणून मी वळले नाही. तुझ्या बापानं तोंडानं म्हटलं, मी पाठीनं म्हटलं. आणि तीन वर्षं मी त्याच्यावर रागावून राहिले आणि तुला लाडाची पत्रं लिहीत राहिले, जशी काही मी तिथे नव्हतेच. तुझे आजोबा गेले आणि मागून तुझं औषधही गेलं. आम्ही रडलो ते एकाच गोष्टीसाठी.

तू ती बाटली का आणली नाहीस, हे मला ताटलीत गोळ्या कालवल्यावर कळलं. मायेनंच कालवल्या होत्या.

तुझी आजी


सोमवार, ९ मार्च

खारुताई,

तू काल संध्याकाळी गेलीस आणि आज पत्र, म्हणून हसशील. हस. तू इथे दोन दिवस होतीस तेव्हा मी बोलायचं सोडून तुझ्याकडे बघतच बसले होते, मग सांगायचं राहिलं.

आधी गुरुवारचं. वहीवाली आणि डॉक्टर ठरल्याप्रमाणे आले होते. माझी गोळी बंद झाली. पण नाव काढत नाहीत. आम्ही काय उद्योग केला तो लिहून ठेवलाय, आणि शेवटपर्यंत हात मोजायला येणार आहेत. मी म्हटलं, गोळी नाही तर मोजता काय? डॉक्टर म्हणाला, "एकदा माणूस मोजायला घेतला की शेवटपर्यंत मोजायचा. मध्येच सोडला तर हिशेब खोटा ठरतो." आवडलं मला. शिंप्याला तीन आठवडे थांबवून परत पहिल्या पायरीपासून देणार आहेत. वहीवालीच्या वहीत त्याच्या नावापुढे लाल खूण आहे म्हणे. तो म्हणतो, "असू दे, माझ्या शाळेच्या वहीतही होत्या." शिंपीण सुया ओवतेच आहे, पण आता शिंपी तिच्यासमोर बसून दोरा कापून देतो.

माझा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला, हे तुला अक्षरावरून दिसतच असेल. गोळी खोटी आहे हे कळल्या दिवसापासून तिचा गुण गेला. मी डॉक्टरला म्हटलं, "मला सांगितलंच नसतंस तर?" बिचारा लाजला.

आता जे तुला माहीत नाही ते. तू शनिवारी आलीस तेव्हा तुझा बाप स्टेशनवर तुला घ्यायला गेला होता. गाडी अकराची, हा साडेआठला निघाला. शिंप्यासारखंच. मी गॅलरीतून बघत होते. तुम्ही दोघं येताना रस्त्याच्या दोन कडांनी चालत होतात. कोपऱ्यावर त्यानं तुझी पिशवी मागितली, तू दिली नाहीस. मग त्यानं एक बंद धरला, तू एक बंद धरलास, आणि तशीच ती मध्ये लोंबकळत आली. आत येऊन तुम्ही काही माफीबिफी मागितली नाहीत एकमेकांची. मी वाट बघत होते. तू म्हणालीस, "बाबा, हे भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे." तो म्हणाला, "माहीत आहे." घड्याळवाल्याच्या घरात घड्याळ मागे! तू त्याच्या हातांकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे पाहिलं. तू काही बोलली नाहीस. शहाणी आहेस.

काल तू गेल्यावर दिवा लावला, तर तो टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, "आई, ती गोगलगाय कशी काढतात?" मी कागद दिला, पेन दिलं, मध्ये ठिपका काढून दिला. त्यानं काढली. अगं, माझ्याच गोगलगायीची लेक वाटेल अशी. तेच कोपरे, तेच दचकणं. कागद दिव्याकडे धरून पाहिला. मग म्हणाला, "तुला कधीपासून माहीत आहे?"

मी म्हटलं, "तू कप अर्धा भरून घ्यायला लागलास तेव्हापासून."

"काही बोलली नाहीस."

"तू डोळे दुखतात म्हणालास. मी म्हटलं, बरं, डोळे."

हसला. खूप दिवसांनी हसला. मग कागदाची घडी घालायला लागला, ती नीट बसेना, मी माझ्या हातांनी घालायला गेले, तर दोघांच्या मिळून कागदाचा बोळाच झाला. सरळ करून तुझ्या त्या जुन्या बटणांच्या डब्यात ठेवलाय. म्हणाला, "तिला लिही. म्हणावं, ते लोक पुढच्या वेळी येतील तेव्हा मी डॉक्टरला दाखवणार आहे. ती असली तर बरं." तीन वर्षांत पहिल्यांदा तो मला लिही म्हणाला. तिकीट तर ठेवलंच, पण ह्या वेळी पाकिटावर लावूनच ठेवलं. वाकडं लागलंय. मी काढलं नाही.

वहीवाली आणि लांबट डॉक्टर परत दोन एप्रिलला येणार आहेत, गुरुवारी, दहा वाजता. तूही जाताना जिन्यात तोच दिवस म्हणालीस, मी नीट ऐकलंय. मी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करायला घेतला. तुझा बाप म्हणाला, "आण, मी करतो." म्हटलं, "तुझा काही माझ्यापेक्षा बरा यायचा नाही." मीच केला. गोल काही गोल आला नाही. एकीकडून बुधवारात शिरलाय, खालून नऊ तारखेला टेकलाय. पण गुरुवार आत आहे.